दाजी, रँक किती?

मे महिन्यातली दुपार. नांदेडात पारा त्रेचाळीसच्या पुढे गेलेला, कूलरमधलं पाणी संपत आलेलं, गल्लीतली कुत्री नालीत अंग टाकून पडलेली. अशा वेळी शहाणा माणूस झोपतो. मी मात्र अंगणातल्या कडुलिंबाखाली मोबाइलमध्ये डोकं घालून बसलो होतो आणि मधूनच “अरे बाबा, सर्व्हिस तरी धड टाक की!” असं पुटपुटत होतो. शेजारचे निवृत्त मंडल अधिकारी टाकीचा वॉल्व्ह बंद करायला बाहेर आले आणि कुंपणावरून डोकावले. पडद्यावर चित्र नव्हतं, खेळाडू नव्हते. दोन नावं आणि त्यांच्यापुढं आकडे. ३०-४०. मग ४०-४०. आकडा बदलला की माझा चेहरा बदलत होता.

ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी त्यांच्या मंडळींनी आमच्या मंडळींना गिरणीत गाठून विचारलं, “साहेब सट्टा खेळायलेत का?”

यात त्यांचा दोष नाही. भरदुपारी आकड्यांकडं टक लावून बघणाऱ्या आणि आकडा सरकला की कपाळावर हात मारणाऱ्या माणसाला आपल्याकडं एकच नाव आहे. दुसऱ्या दिवशी मी खुलासा करायला गेलो आणि प्रकरण आणखी चिघळलं.

“ट्युनिशियात मोनास्टिर म्हणून गाव आहे. तिथं इंग्लंडचा एक पोरगा टेनिस खेळत होता. उपांत्यपूर्व सामना.”

“तुमचा कोण तो?”

“कोणी नाही.”

“ओळखीचा?”

“नाही.”

“पाहिलाय कधी?”

“नाही.”

मंडल अधिकाऱ्यांनी आयुष्यभर पंचनामे केलेले. त्यांनी हळूच मान हलवली. त्यांच्या लेखी कबुलीजबाब पुरा झाला होता.

या सगळ्याचं मूळ तुळशीबागेत आहे.

डिसेंबर २०१९. थोरल्याच्या कॉलेजच्या कामासाठी आम्ही उभयता पुण्याला गेलो होतो. काम अकरा वाजताच उरकलं. सौभाग्यवती तुळशीबागेत शिरल्या आणि मला तासाभराची रजा मिळाली. फिरत फिरत डेक्कन जिमखान्यावर पोचलो. तिथं मुलींची आंतरराष्ट्रीय टेनिस स्पर्धा चालू होती. पंचवीस हजार डॉलरची, म्हणजे सगळ्यांच्या बक्षिसांची मिळून बेरीज तेवढी. ही स्पर्धा भरवण्यामागं बरीच वर्षं अंड्यांची राष्ट्रीय समन्वय समिती आहे. ज्या खेळात शून्याला लाडानं ‘लव्ह’ म्हणतात आणि ६-० हरणाऱ्याच्या हातात शेवटी अंडंच पडतं, त्या खेळाला याहून योग्य प्रायोजक शोधून सापडायचा नाही.

तिकीट नव्हतं. पुण्यात एखादी गोष्ट फुकट असून तिथं रांग नाही, हे पाहून मला जरा संशय आला. पण सावली होती, म्हणून बसलो. प्रेक्षक मोजून अकरा. त्यातला एक झोपलेला. समोर दोन मुली चेंडू बडवत होत्या. चेंडूचा आवाज मात्र टीव्हीवर ऐकतो तसा नव्हता. गच्चीवर गादी झोडपावी तसा दणदणीत येत होता. वीस मिनिटं झाली असतील. फोन वाजला.

“अहो, कुठं आहात? पिशव्या धरायला या.”

गेलो. कोण जिंकलं हे विचारायचंसुद्धा सुचलं नाही.

पुढं एक महामारी येऊन गेली. सप्टेंबर २०२१ मध्ये अमेरिकन ओपनला ब्रिटनची अठरा वर्षांची एमा रादुकानू थेट विजेती झाली. जागतिक क्रमांक दीडशे. पात्रता फेरीतून आलेली, आणि पात्रता फेरी संपली की घरी जायचं म्हणून परतीचं तिकीट काढून ठेवलेली. पात्रतेचे तीन आणि पुढचे सात असे दहा सामने खेळली आणि एकही सेट हरली नाही. पात्रता फेरीतून येऊन ग्रँड स्लॅम जिंकणं तोवर कुणाला जमलं नव्हतं, ना पुरुषांत ना बायकांत. सकाळी चहा घेता घेता हे सगळं वाचत होतो. वाचता वाचता त्या ओळीपाशी आलो आणि चहा बशीबाहेर गेला: याच मुलीनं डिसेंबर २०१९ मध्ये पुण्यात डेक्कन जिमखान्यावरची स्पर्धा जिंकली होती.

“मी हिला पाहिलंय,” मी सौभाग्यवतींना म्हणालो.

“कधी?”

“तू तुळशीबागेत डबे घेत होतीस तेव्हा.”

“कोणते, घट्ट झाकणाचे?”

“तेच असतील.”

“चांगले निघाले ते,” ती म्हणाली आणि विषय संपला.

आता तुम्ही विश्वासातले म्हणून सांगतो. त्या दोन मुलींपैकी एक रादुकानू होती की नाही, हे मला ठाऊक नाही. पण मी तसं ठरवून टाकलंय. २०२१ साली मी तिला ‘पाहिलं’ होतं. २०२२ साली ‘अगदी समोर बसून’ पाहिलं होतं. २०२३ साली लातूरला एका लग्नात माझा मेहुणा बालाजी पंगतीत सांगताना मी ऐकलं, की दाजींनी तिला पाण्याची बाटली दिली होती. मी खोडून काढलं नाही. आपल्याच माणसाला चारचौघांत खोटं पाडणं बरं दिसत नाही.

मनाला चुटपुट मात्र लागली. पुण्यातल्या विजेतीला मिळाले चार हजार डॉलरच्या आतबाहेर. न्यूयॉर्कला पंचवीस लाख. मध्ये अंतर फक्त एकवीस महिन्यांचं. आणि मी वीस मिनिटांत उठलो, पिशव्या धरायला. त्या दिवशी मी शपथ घेतली, की यापुढं उद्या मोठी होणारी एकही ब्रिटिश पोरगी किंवा पोरगा माझ्या नजरेतून सुटता कामा नये. ब्रिटिशच का? ज्या दारातून चोरी झाली त्याच दाराला नंतर चार कुलपं लावायची, ही आपली रीत आहे.

धाकट्याची नीटच्या अभ्यासाची एक लाँगबुक अर्धी कोरी पडली होती. वरच्या पानांवर घर्षण आणि जडत्व, खालच्या पानांवर माझी पोरं. रकाने आखले. नाव, वय, क्रमांक, या आठवड्यात कुठं. ‘कुठं’च्या रकान्यात बहुतेक तीच गावं येतात. ट्युनिशियातलं मोनास्टिर, इजिप्तमधलं शर्म अल शेख, तुर्कस्तानातलं अंताल्या. या गावांत जवळजवळ दर आठवड्याला स्पर्धा भरते. सोमवारी उंदीर, शनिवारी हत्ती आणि पुन्हा सोमवारी उंदीर. मला हिंगोलीचे रस्ते नीट सांगता येत नाहीत, पण मोनास्टिरला सकाळचे दहा म्हणजे आपले दुपारचे अडीच, हे झोपेत विचारा.

बालाजी लातूरच्या ट्यूशन एरियात मेस चालवतो. डॉक्टर होऊ घातलेली दीडशे पोरं-पोरी त्याच्याकडं जेवतात. लातूर पॅटर्ननं महाराष्ट्राला गुणवत्ता यादी शिकवली. बालाजीनं ती वरणात कालवून वाढली. त्यामुळं माणूस भेटला की तो नाव-गाव विचारत नाही, रँक विचारतो. नांदेड आणि लातूरमध्ये विभागीय आयुक्तालय कुठं हवं, यावरून २००९ पासून जे काही चाललंय, त्यावर आम्ही दोघं एका ताटात जेवतानाही बोलत नाही. पोटातला घास वर येतो. टेनिस हा आमच्यातला तटस्थ प्रदेश.

“काय करलालाव दाजी?” त्याचा रात्रीचा फोन असाच सुरू होतो.

“पोरगा पहिल्या फेरीत गेला.”

“रँक किती?”

“सहाशे ऐंशी.”

“ऑल इंडिया?”

“ऑल वर्ल्ड.”

“मग एम्स की!” तो उडालाच. त्याला समजावून सांगावं लागलं, की इथं सहाशे ऐंशीला एम्स सोडा, जेवणाचे वांधे होतात. सगळ्यात खालच्या, पंधरा हजार डॉलरच्या स्पर्धेत पहिल्या फेरीत हरलं की मिळतात दीडशे डॉलरच्या आसपास. जिंकून आलं तरी दोन हजारांच्या थोडं वर. विमान, हॉटेल, रॅकेटच्या तारा, सगळं त्यातून. पहिली फेरी जिंकली तर गुण मिळतो एक. हरलं तर भोपळा.

“म्हणजे पोरगं घरून पैसे मागवतं.”

“हो.”

“आणि मिळवलेले गुण?”

“बावन्न आठवडे टिकतात. मग पुसले जातात. तेवढेच पुन्हा मिळवायचे.”

बालाजी क्षणभर गप्प झाला. मग समाधानानं म्हणाला, “रिपीटर बॅच हाय म्हणा की.”

या एका वाक्यात त्यानं जगातलं कनिष्ठ टेनिस संपवलं. मग त्याची गाडी थांबेना. ग्रँड स्लॅम म्हणजे एम्स. त्याखालचा दौरा म्हणजे सरकारी मेडिकल. चॅलेंजर म्हणजे सीट मिळाली खरी, पण फी बापाची जमीन विकून. वाइल्ड कार्ड म्हणजे मॅनेजमेंट कोटा. पात्रता फेरीत हरूनही कुणी माघार घेतली म्हणून आत घेतात तो ‘लकी लूझर’, म्हणजे स्पॉट राऊंड. मी पाच वर्षं नियम वाचून जे समजून घेतलं, ते त्यानं पोळ्या लाटून घेता घेता मांडून दिलं.

फक्त एका ठिकाणी तो अडला. विम्बल्डनला पावसानं खेळ थांबलाय, असं मी सांगितलं तेव्हा.

“पाऊस पडला म्हणून बंद? आमच्याकडं पाऊस पडला तर पेढे वाटतेत.”

“मुख्य मैदानावर चालू आहे. तिथं २००९ पासून सरकतं छप्पर आहे.”

“पाऊस अडवायला छप्पर?” तो कळवळला. “मग पाणी जातं कुठं?” २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यायलेला लातूरकर आहे तो. त्या दिवशी त्याला स्कोअरमध्ये काही रस उरला नाही.

आकड्यांवर सामना पाहणं ही वेगळीच साधना आहे. चित्र नसतं, त्यामुळं ते आपणच काढायचं. १५-३० झालं आणि पुढचा आकडा लवकर येईना, की मी समजतो पोरगा टॉवेलनं तोंड पुसतोय. आणखी उशीर झाला की पंचाशी भांडतोय. दोन मिनिटं काहीच नाही म्हणजे पायात गोळा आला. मग घाम फुटतो तो मला. एकदा सात मिनिटं आकडा हलला नाही. मी त्या पोराचा गुडघा कायमचा गेला, आई इंग्लंडहून निघाली, इथपर्यंत पोचलो. मग लक्षात आलं, वीज गेली होती आणि आमचा वायफाय बंद पडला होता. वीज आली तोवर पोरगा जिंकून आंघोळीला गेला असावा.

शेजाऱ्यांचा संशय अगदीच निराधार नव्हता, हेही कबूल केलं पाहिजे. टेनिसमधल्या सचोटीची चौकशी करणाऱ्या स्वतंत्र समितीनं २०१८ साली सांगितलं होतं, की अगदी खालच्या स्पर्धांचे थेट गुण सट्टा कंपन्यांना विकणं बंद करा. ज्या पोराला सामन्याचे दीडशे डॉलर मिळतात, त्याला हरायचे हजार देणारा भेटतोच. म्हणजे त्या दुपारी मोनास्टिरचा तो आकडा बघत जगात जे काही लोक जागे असतील, त्यांतला निव्वळ काळजीपोटी बघणारा कदाचित मी एकटाच. दुसरी त्याची आई.

लाँगबुकात एकेक रत्न आहे. बिली हॅरिस घ्या. हा कित्येक महिने व्हॅन चालवत युरोपभर स्पर्धा खेळत हिंडला आणि त्याच व्हॅनमध्ये झोपला. विम्बल्डनच्या नफ्यातला नव्वद टक्के वाटा ज्या देशाच्या टेनिस संघटनेला मिळतो, त्या देशाचा खेळाडू रस्त्याकडेला व्हॅन लावून झोपतो, हे ऐकून आमच्याकडच्या ऊसतोड मुकादमालाही घरच्यासारखं वाटेल. २०२४ साली हा एकोणतीस वर्षांचा गडी लंडनच्या क्वीन्स क्लबवर उपांत्यपूर्व फेरीत पोचला. त्या रात्री मी बालाजीला पेढे खायला सांगितले. त्यानं मेसमध्ये शिरा केला.

किंवा ऑलिव्हर टार्वेट. २०२५ च्या विम्बल्डनला हा ७३३ व्या क्रमांकाचा पोरगा पात्रता फेरीतून आत आला, पहिला सामना जिंकला आणि दुसऱ्यात थेट अल्कराझसमोर उभा राहिला. बक्षीस नव्याण्णव हजार पौंड. पण तो अमेरिकेत कॉलेजात शिकत होता आणि तिथल्या विद्यापीठ खेळांच्या नियमांप्रमाणं दहा हजार डॉलर आणि खर्च यापलीकडं त्याला काही घेता येईना. ही गोष्ट मी बालाजीला सांगायला नको होती. “कमावलेले पैसे घेता येईनात?” तो दोन दिवस त्या पैशांच्या सुतकात होता. “दाजी, त्याला म्हणावं कॉलेज सोड. इथं ये. बाहेरून बारावीचा फॉर्म भरू.”

माझं हे इंग्लंडातल्या गावांचं पुराण चाललेलं असताना एकदा नांदेड-पनवेल गाडीनं पुण्याला निघालो होतो. आरएसी. अर्ध्या बर्थवर मी, अर्ध्यावर बार्शीचे एक गुरुजी. वेळ जावा म्हणून मी त्यांना ब्रिटिश टेनिसची भावी पिढी समजावली. व्हॅन सांगितली, नव्याण्णव हजार पौंड सांगितले. पाण्याची बाटलीही सांगितली. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “आमच्या प्रार्थनाला पाहिलंत का खेळताना?”

प्रार्थना ठोंबरे. बार्शीची. २०१४ च्या इंचिऑन आशियाई स्पर्धेत सानिया मिर्झाबरोबर दुहेरीत कांस्यपदक आणि २०१६ साली तिच्याचबरोबर रिओ ऑलिंपिक. तीही याच पंधरा-पंचवीस हजारांच्या स्पर्धांतून वर्षानुवर्षं घासत वर आलेली. आणि ज्या गावाची ती, त्या गावावरून मी हयातभर रात्रीच्या गाडीनं गेलोय. घोरत. तुळशीबागेचा दोष तरी वीस मिनिटांचा होता. इथं माझं सगळं नोकरीचं आयुष्य पनवेल गाडीच्या बर्थवर गेलं. गुरुजी बार्शीला उतरले तेव्हा मी जागा होतो. एवढंच प्रायश्चित्त त्या रात्री शक्य होतं.

परत आल्यावर लाँगबुकात नवं पान काढलं. पहिलं नाव पुण्याच्या मानस धामणेचं. जानेवारी २०२३ मध्ये बालेवाडीला, पंधराव्या वर्षी, एटीपी स्पर्धेच्या मुख्य फेरीत उतरला आणि मायकेल म्मोकडून २-६, ४-६ हरला. बालाजीनं हे पान पाहून मान डोलावली. “पहिल्याच अटेम्प्टला सहा मार्क. निगेटिव्ह मार्किंग धरून बरे हायत.”

फेब्रुवारी २०२४ मध्ये मी बालाजीला घेऊनच बालेवाडीच्या चॅलेंजरला गेलो. म्हटलं, एकाला फोन आला तर दुसरा बसून राहील. आम्ही कार्यक्रमपत्रिकेत ब्रिटिश आणि मराठी नावं धुंडाळत होतो. समोर मोनॅकोचा एक उंचापुरा गडी खेळत होता.

“मोनॅको केवढं हाय?” बालाजीनं विचारलं.

“दोन चौरस किलोमीटर.”

“म्हणजे गंजगोलाईपासून निघालो तर बस स्टँड यायच्या आत देश संपला.” त्यानं निकाल दिला. “चला, चहा घेऊ.”

आम्ही उठलो. त्या गड्यानं ती स्पर्धा जिंकली. त्याचं नाव व्हॅलेंटिन व्हाशरो. ऑक्टोबर २०२५ मध्ये तो शांघायच्या मोठ्या स्पर्धेला गेला तेव्हा पात्रता फेरीच्याही वेटिंग लिस्टवर होता, क्रमांक २०४. तिथून उपांत्य फेरीत जोकोविचला हरवलं, अंतिम फेरीत सख्ख्या मावसभावाला हरवलं आणि विजेता झाला. त्या दर्जाची स्पर्धा इतक्या खालच्या क्रमांकाच्या माणसानं कधीच जिंकली नव्हती. मी बालाजीला फोन केला. तो बराच वेळ बोलला नाही. “चहा पण बरा नव्हता दाजी,” शेवटी म्हणाला.

यंदा पुन्हा पुण्याला काम निघालं. काम उरकलं आणि सौभाग्यवती म्हणाल्या, “चला, आज मीही बघते काय असतं ते.” एका क्लबवर लहान मुलींची कसलीशी स्पर्धा होती. आम्ही बसलो. तिच्या पायाशी तीन पिशव्या. आमच्यासमोरची एक पोरगी पहिला सेट ०-६ हरली. दुसऱ्यात ०-३ वर मागं पडली. माझं मन घड्याळाकडं गेलं, जुनी खोड. हिनं मात्र पिशवीतून शेंगदाण्याचा लाडू काढून ठेवला होता, हरल्यावर देऊ म्हणून. पोरगी एक गेम जिंकली. दुसरा जिंकली. नाक पुसलं आणि तिसराही जिंकली. हिचा लाडू हातातच राहिला.

तेवढ्यात बालाजीचा फोन आला.

“काय करलालाव दाजी?”

“मॅच बघतोय. एक पोरगी आहे, बारा-तेरा वर्षांची.”

“रँक किती?”

“अजून नाहीच.”

पलीकडं कुकरची शिट्टी झाली. दीडशे रिपीटरांची जेवणं व्हायची होती. तरी तो थांबला.

“मग उठू नका,” बालाजी म्हणाला. “अक्कांना सांगा, पिशव्या मी येऊन धरतो.”